थर्मोस्टॅट काढल्याने जीप थंड राहत नाही

"घाटात तापते? थर्मोस्टॅट काढून टाक," हा सल्ला जुन्या महिंद्रा जीपवाल्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. तिच्यातलं मेण साधारण ८२ अंशांना वितळून फुगू लागतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. तापलेल्या इंजिनात ही वाट आधीच उघडी असते. मग झडप काढून जास्तीचं काय मिळणार? उलट इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल नीट जळत नाही, ऑइल लवकर खराब होतं, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून बरंचसं पाणी रेडिएटर टाळूनच फिरतं आणि गाडी आणखी तापते.

झडप बंद अवस्थेत अडकली असेल, तर काढल्यावर फरक पडतो, हे खरं. म्हणूनच हा समज टिकला. पण तिथे नवी बसवायची असते.

तपासणी घरीच होते. पातेल्यातल्या पाण्यात झडप दोऱ्याने टांगा, थर्मामीटर ठेवा, पाणी तापवा. तिच्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास ती उघडू लागली, तर दोष दुसरीकडे आहे: बोअरच्या पाण्याने क्षार साचलेला रेडिएटर, ढिला फॅन बेल्ट किंवा रबर गेलेलं रेडिएटरचं झाकण. झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा.