अंधारातली टपालबोट : नॉर्वेच्या किनारी जलमार्गाची पार्श्वभूमी

ऐन हिवाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गन ते किर्केनेस बोटीने जाणं हा आज हौसेचा मामला आहे. जाड कोट चढवून डेकवर उभं राहायचं आणि उत्तर प्रकाश (ध्रुवीय आकाशात झळकणारा रंगीत उजेड) कधी दिसतो याची वाट बघायची. ‘हुर्टिगरुटेन’ नावाचा हा मार्ग सुरू झाला तो मात्र टपालासाठी. आणि तेव्हा सगळं घोडं अडलं होतं ते हिवाळ्यापाशीच.

त्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मध्य नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमहून पार उत्तरेच्या हॅमरफेस्टला पत्र जायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत, हिवाळ्यात पाच महिनेही. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, त्यामुळे जमिनीवरून जलद वाट काढणं अवघड. उबदार सागरी प्रवाहामुळे बंदरं गोठत नसत, एवढीच जमेची बाजू. सरकारने वर्षभर चालणाऱ्या जलद आगबोटीसाठी पैसे देऊ केले, तर मोठ्या कंपन्यांनी हात वर केले. खडकाळ बेटांमधून, रात्री, तेही हिवाळ्यात? उत्तरेत तर दोन-दोन महिने सूर्यच उगवत नाही, आणि दीपगृहं जेमतेम.

हे काम उचललं उत्तर नॉर्वेतल्या स्टोकमार्कनेस गावच्या एका छोट्या कंपनीचा कप्तान रिचर्ड विथ याने. बेफिकिरी म्हणून नव्हे. तो आणि त्याचा वाटाड्या आंदेर्स होल्टे आधीपासून प्रत्येक फेरीत टिपणं ठेवत होते : अमुक दिशा, अमुक वेग, इतकी मिनिटं, मग वळण. खडक दिसला नाही तरी तो कुठे असणार हे होकायंत्र आणि घड्याळ सांगे. मला तरी या साऱ्या इतिहासात बोटीपेक्षा ती टिपणंच जास्त मोलाची वाटतात.

२ जुलै १८९३ ला विथची ‘वेस्टेरोलेन’ बोट ट्रॉन्डहाइमहून सुटली आणि ६७ तासांत हॅमरफेस्टला लागली. अर्थात जुलैत तिथे रात्रीही उजेड असतो. खरी परीक्षा पुढे होती. करारातही सावधपणा होताच : आठवड्याला एक फेरी, उन्हाळ्यात हॅमरफेस्टपर्यंत, हिवाळ्यात फक्त त्याच्या अलीकडच्या ट्रॉम्सोपर्यंत. हिवाळे पार पडले तसे नाही म्हणणारेही या धंद्यात उतरले. १८९८ मध्ये मार्ग दक्षिणेला बर्गनपर्यंत वाढला, पुढे रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत.

दुसऱ्या महायुद्धात या मार्गाने बऱ्याच बोटी गमावल्या. त्यातली कप्तानाच्याच नावाची ‘रिचर्ड विथ’ १९४१ मध्ये ब्रिटिश पाणबुडीने बुडवली. नॉर्वे तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. शांततेतही समुद्राने सूट दिली नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये ‘सांक्ट स्विथुन’ ही याच मार्गावरची बोट चुकीच्या दिशेने भरकटून खडकावर आदळली आणि ४१ जण गेले.

नंतर रस्ते आणि विमानतळ झाले, बोटीवरचं टपाल बंद झालं आणि त्याची जागा पर्यटकांनी घेतली. २०२१ पासून सरकारी करारानुसार दोन कंपन्या हा मार्ग चालवतात. थांबे ३४, जाऊन-येऊन १२ दिवस. मध्यरात्री एखाद्या लहानशा धक्क्यावर बोट जेमतेम पंधरा मिनिटं थांबते, तेव्हा सामान चढवलं-उतरवलं जातं, आणि पुढच्या गावी निघालेले दोन-चार स्थानिक लोकही चढतात.