स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांची आरोग्यसेवा (अमेरिका)

बाहेरून येऊन अमेरिकेत राहिलेल्या आईबापांच्या पोरांना डॉक्टर, लसी, इन्शुरन्स कितपत मिळतं तो हा विषय. तिथे पोराच्या आजारपणात काय होणार हे बऱ्याचदा घरातल्या कागदपत्रांवर ठरतं, आणि एकाच घरात दोन न्याय असतात, म्हणजे थोरली आईबापाबरोबर आली, तिच्याकडे तिथे राहण्याच्या परवान्याचे कागद नाहीत, धाकटा तिथेच जन्मला म्हणून नागरिक, मग उत्पन्न कमी असेल तर धाकट्याला मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स) मिळतं आणि थोरलीला बहुतेक राज्यांत नाही.

मेडिकेड १९६५ पासूनचं, त्याच्या उत्पन्नाच्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त कमावणाऱ्यांच्या मुलांसाठी चिप ही सरकारी इन्शुरन्स योजना १९९७ ला आली. पण १९९६ च्या कायद्याने नव्या ग्रीन कार्डवाल्यांनाही पाच वर्षं थांबायला लावलं. पाच वर्षं म्हणजे तान्हं बाळ शाळेत जाईपर्यंत! २००९ मध्ये राज्यांना ही अट मुलांपुरती काढायची मुभा मिळाली, बऱ्याच राज्यांनी काढली, सगळ्यांनी नाही. कॅलिफोर्नियाने मे २०१६ पासून कमी उत्पन्नाच्या घरातल्या सगळ्याच मुलांना, कागद असोत नसोत, मेडी-कॅल, म्हणजे तिथलं मेडिकेड, दिलं, हे खरंच मोठं काम झालं.

पण कायद्यापेक्षा भीती जास्त आडवी येते. २०१९ च्या पब्लिक चार्ज (म्हणजे सरकारवर भार होईल असा माणूस) नियमामुळे सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल असं पसरलं. २१ च्या आतल्या मुलांचं मेडिकेड त्यात धरतच नव्हते, तरी लोकांनी नागरिक असलेल्या पोरांचीही नावं काढून घेतली. नियम मार्च २०२१ मध्ये गेला, धास्ती लगेच गेली नाही. मग दम्याचं पोर रोजच्या इन्हेलरविना राहतं आणि रात्री धाप लागली की इमर्जन्सीत नेतात, तिथे १९८६ च्या कायद्याने तपासून जीव सावरावाच लागतो, पण बिल नंतर घरी येतंच.

लसींचं त्यातल्या त्यात बरं आहे, १९९४ पासून इन्शुरन्स नसलेल्या मुलांना सरकारी योजनेतून लस फुकट.

आपल्याकडून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांचा इन्शुरन्स बहुधा कंपनीचा, नोकरी गेली की पोरांचाही धोक्यात. शाळेत घालताना इथलं लसीचं कार्ड लागतं, ते जपून न्यावं. आणि दंडावर बीसीजीचा (टीबीच्या लसीचा) वण असलेल्या पोराची टीबीची कातडीवरची टेस्ट कधीकधी उगाचच पॉझिटिव्ह येते, घाबरू नका, दोन वर्षांपुढच्या मुलाला रक्ताची टेस्ट करता येते, ती मागायची.