अभिकल्प-आव्हान (शालेय)

मोजके साहित्य, मर्यादित वेळ आणि शेवटी सर्वांसमक्ष चाचणी, एवढ्या अटींवर विद्यार्थ्यांनी एखादी वस्तू स्वतः आखून बांधण्याचा व ती निकामी होईपर्यंत तपासण्याचा उपक्रम. तो मुख्यतः ८ वी ते १२ वीच्या वर्गांत घेतात. आईस्क्रीमच्या काड्यांचा पूल, वरून टाकलेले अंडे वाचवणारे वेष्टन, रबरबँडवर चालणारी गाडी हे त्याचे परिचित प्रकार होत. शाळांत यालाही सरसकट ‘प्रोजेक्ट’ किंवा ‘मॉडेल’ म्हणतात. परंतु विज्ञान प्रदर्शनातले मॉडेल पाहण्यासाठी असते. त्यावर कोणी वजन ठेवत नाही.

‘डिझाइन’ला मराठीत एकच प्रतिशब्द रुळलेला नाही. पाटबंधाऱ्यांच्या क्षेत्रात ‘संकल्पचित्र’ चालतो (नाशिकची मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना), पण त्यातून कागदावरचे रेखनच डोळ्यांसमोर येते. ‘रचना’ फार व्यापक आहे. म्हणून येथे ‘अभिकल्प’ स्वीकारला आहे. मुले अर्थातच ‘चॅलेंज’ म्हणतात.

उगम : या प्रकाराचा एकच उगम दाखवता येत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (कोथरूडची एमआयटी नव्हे) प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी १९७०च्या दशकात एक अभ्यासक्रम नावारूपाला आणला. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच किरकोळ वस्तूंचा संच मिळे आणि त्यातून बनवलेल्या यंत्रांची आपसांत झुंज होई. याच धाग्यातून पुढे अमेरिकी संशोधक डीन केमेन यांची ‘फर्स्ट’ ही संस्था (१९८९) व तिची शालेय यंत्रमानव स्पर्धा (१९९२) आली. जपानमध्ये यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांच्या प्रेरणेने साधारण १९८०च्या दशकात यंत्रमानव स्पर्धा रुजल्या. २००२ पासूनची आशियाई ‘रोबोकॉन’ त्यांचीच शाखा मानता येईल. तिच्या भारतातील फेऱ्या अनेक वर्षे पुण्यात झाल्या, मात्र त्या महाविद्यालयीन संघांच्या. हे दोन्ही धागे वरच्या वर्गांतून खाली आलेले आहेत. न्यू जर्सीत १९७८ मध्ये सुरू झालेली ‘ओडिसी ऑफ द माइंड’ ही स्पर्धा आरंभापासून शाळकरी मुलांसाठी होती. तेव्हा शालेय प्रकाराचे मूळ शोधताना तिला अधिक महत्त्व देणे सयुक्तिक ठरते.

पुण्यातील परंपरा स्पर्धेपेक्षा हातकामाच्या शिक्षणाशी जवळची दिसते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी ही कामे अभ्यासाचाच भाग असून वस्तू गावात प्रत्यक्ष वापरली जाणे हीच तिची परीक्षा असते. दुसरा धागा टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) पुणे कारखान्यात काम केलेले अभियंते अरविंद गुप्ता यांचा. १९७८च्या सुमारास मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून आकृती केल्या. चौकोन बोटाने ढकलला की कलतो, त्रिकोण हलत नाही. पुढे आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेच्या ‘पुलस्त्य’ या वास्तूत, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, दहाएक वर्षे हे काम चालले. २०१६ पासूनच्या, केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत (६ वी ते १२ वी) थ्रीडी प्रिंटर व सेन्सर शाळेत आले.

काड्यांचा पूल : नेहमीची काडी सुमारे ११ सेंमी. लांब, १ सेंमी. रुंद व २ मिमी. जाड असते. वाकण्याला होणारा विरोध आडव्या मापाच्या प्रमाणात, पण उभ्या मापाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे सपाट ठेवण्याऐवजी कडेवर उभी केलेली तीच काडी २५ पट ताठ ठरते. पण तशी ती बाजूला कलंडते, म्हणून आडवे बंध द्यावे लागतात. दाबाखालची लांब काडी तुटण्याआधी बाजूला वाकते (बकलिंग). गणितज्ञ ऑयलरच्या सूत्रानुसार तिला असे वाकवणारा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मधोमध आधार देऊन मोकळी लांबी निम्मी केली की ती चौपट दाब सोसते. ताणाखालच्या काडीला ही अडचण नसते. प्रत्यक्षात मात्र पूल बहुधा काडीत नव्हे, सांध्यात सुटतो. फेव्हिकॉल वरून सुकलेला दिसतो, आत ओला असतो. आदल्या रात्री चिकटवलेल्या पुलावर याची प्रचिती येते. दोन बाकांमध्ये पूल ठेवून, खाली बादली टांगून तीत वाळू ओततात. आधी एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो आणि वर्ग शांत होतो. गुण पेललेल्या भाराला नसून भार व स्ववजन यांच्या गुणोत्तराला असतात : ५० ग्रॅ.च्या पुलाने २० किग्रॅ. पेलले तर ४००.

साहित्य पुणे शहरात सहज मिळते. पुठ्ठा व काड्या आप्पा बळवंत चौकात, मोटर व बॅटऱ्या तपकीर गल्लीत, नट-बोल्ट बोहरी आळीत. अंडे मात्र सर्वच शाळांत चालत नाही. तेथे पाण्याचा फुगा किंवा टोमॅटो घेता येतो. पण तडकलेल्या कवचाबाबत वाद होत नाही, दबलेल्या टोमॅटोबाबत होतो.