तळी गेली, मैदानं आली : कोल्हापूरच्या नदीकाठची पार्श्वभूमी

पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना 'किती फूट झालं?' एवढंच विचारतात. कशाचं, हे सांगावं लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे शुक्रवार पेठेतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. या भागात राहायचं म्हणजे नदीकाठ, बागा, जुन्या वास्तू सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पण कुठली जागा मोकळी राहिली आणि कुठे घरं उठली, हे समजायला पाण्याच्या मागे जावं लागतं.

सुरुवात ब्रह्मपुरीच्या टेकाडापासून. पंचगंगा घाटाला लागून असलेली ही उंच जागा म्हणजे मूळ वस्ती. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली विटांची घरं निघाली. त्याच्या थोडं आधी याच टेकाडात ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला होता. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, हातात मावेल एवढा! समुद्रापासून सह्याद्रीच्या पलीकडे असलेल्या गावात हा देव यावा, यावरून इथला व्यापार कुठवर पोचला होता ते कळतं. ही मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. टाऊन हॉलची इमारत मात्र एकोणिसाव्या शतकातली, मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरची. नवा राजवाडाही त्यांचाच. टाऊन हॉलच्या बागेत बसून डबा खाणारे पुष्कळ, पोसायडन बघायला आत जाणारे थोडे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा प्रयाग चिखलीला एक होते आणि तिथून शहराला वळसा घालते. घाटावरची देवळं आणि समाध्या दर पावसाळ्यात बुडतात. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. दगडाला पाण्यात चार दिवस राहिल्याने काही होत नाही. माणसं राहायची ती टेकाडावर किंवा तटाच्या आत.

तट पडला, वेशी गेल्या, नावं उरली. गंगावेश त्यातलीच एक. आज तिथे वेस नाही, पण तालीम आहे आणि दूधकट्टा आहे. संध्याकाळी म्हशी कट्ट्याला आणून बांधतात, समोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. फेस बसायची वाट बघणारा बाहेरगावचा, हे ओळखू येतं.

आता बागा आणि मैदानं. जुन्या कोल्हापूरची बरीच मोकळी जागा ही मुळात तळी आहेत. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, रावणेश्वर तळ्याचं शाहू स्टेडियम, पेटाळ्याचं मैदान, तर कपिलतीर्थाची भाजी मंडई. १८८० च्या दशकात कळंबा तलावाचं पाणी शहरात आलं, तशी या तळ्यांची गरज कमी होत गेली. साचलेलं पाणी रोगराईचं घर ठरलं आणि एकेक तळं भरून काढलं गेलं. रंकाळा आणि कोटितीर्थ वाचले. तळी बुजवली याबद्दल हळहळणारे खूप आहेत. मला वाटतं, मंडईचा अपवाद सोडला तर बुजवून तिथे इमारती न उठवता खेळायला जागा ठेवली, हेही थोडं नाही. फुटबॉलवेड्या पेठांना सरावाला जागा मिळाली ती अशी. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही तळं होतं. खोलगट जागा ती, पाणी तिथेच येणार.

खरी अडचण जुन्या पेठांपेक्षा नंतरच्या वाढीत आहे. कळंब्याकडून येणारा जयंती नाला शहराच्या मधून वाहत पंचगंगेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे चढतं. त्यामुळे हुतात्मा पार्क, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक असे नदीपासून आत असलेले भागही बुडतात. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही गुळाची पेठ याच नाल्याच्या बाजूची. तिथल्या कुंभार गल्लीत ऐन पुराच्या हंगामात गणपती तयार होत असतात. रंग न दिलेल्या मूर्ती माळ्यावर, मग टेम्पोत, मग कुणाच्या तरी मंगल कार्यालयात, अशी धावपळ २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत झाली. दोन्ही वेळा बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर होतं.

नदीकाठी सुतारवाड्यात पाणी सगळ्यात आधी शिरतं. तिथली कुटुंबं सामान बांधून चित्रदुर्ग मठात जातात आणि ओसरलं की परत येऊन गाळ काढतात. नागाळा पार्कात, महावीर उद्यानाच्या सावलीत फ्लॅट बघायला येणारे मात्र हल्ली पार्किंग आणि लिफ्टच्या आधी विचारतात, '२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?' उत्तर बहुतेक वेळा वॉचमनकडे मिळतं. तो जिन्याच्या पायरीवर बोट ठेवून दाखवतो.