बी.एस्सी.च्या जोडीला अ‍ॅक्च्युरिअल सायन्स : आजच्या रचनेची पार्श्वभूमी

संख्याशास्त्र मेजर (मुख्य विषय) आणि अ‍ॅक्च्युरिअल सायन्स मायनर (दुय्यम विषय), किंवा दोन वेगळ्या पदव्या एकाच वेळी, असा बेत आता बारावीनंतर आखता येतो. तो आखताना घरात पहिला प्रश्न हाच निघतो की, एवढं करून मुलगी अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विम्यातली जोखीम आणि त्यासाठी लागणारा पैसा गणिताने मोजणारी तज्ज्ञ, होणार का? नुसत्या पदवीने नाही होणार. विद्यापीठ तिला शिकवेल, पण अ‍ॅक्च्युअरी हा हुद्दा देण्याचा अधिकार व्यवसायाच्या वैधानिक संस्थेकडेच (इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया) आहे. या वाटणीला २००६ सालच्या कायद्याचा आधार आहे.

त्याआधी हा व्यवसाय १९४४ मध्ये स्थापन झालेल्या एका सोसायटीच्या छत्राखाली चालत होता. परीक्षा मात्र कित्येक दशकं लंडनच्याच. मुंबईत बसून लंडनचे पेपर द्यायचे, निकालाची वाट पाहायची आणि नोकरी सांभाळत पुढच्या पेपरला लागायचं, असा तो शिरस्ता होता. देशातल्या परीक्षा १९८९ पासून सुरू झाल्या. १९५६ मध्ये २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून एकच महामंडळ झालं होतं, त्यामुळे आयुर्विम्यात अ‍ॅक्च्युअरीला नोकरी देणारा एकच मोठा मालक होता. गणिताची किंवा संख्याशास्त्राची पदवी घ्यायची, नोकरीला लागायचं आणि मग पेपर काढायचे, हा त्या काळचा सरळ मार्ग. विज्ञानाची पदवी तेव्हाही होती, फक्त ती आधी असायची आणि पेपर नंतर.

१९९९ च्या कायद्याने विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं. प्रत्येक आयुर्विमा कंपनीला नियुक्त अ‍ॅक्च्युअरी नेमणं बंधनकारक झालं. माणसं कमी होती आणि मागणी अचानक वाढली. अभ्यासक्रम काढण्याची विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची इच्छा वाढत गेली ती या काळात.

मग आला २००६ चा कायदा. त्यातली एक तरतूद या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे आणि प्रवेशाच्या गडबडीत तीच कोणी वाचत नाही. तिचा आशय असा : विद्यापीठांना हे विषय शिकवता येतील, पण त्यांनी दिलेली पदवी, पदविका किंवा उपाधी व्यावसायिक संस्थेच्या उपाधीसारखी दिसता कामा नये. म्हणजे शिकवण्याची दारं उघडी ठेवली आणि नाव मात्र राखून ठेवलं. यामागचं कारण मला पटतं. अ‍ॅक्च्युअरीने राखीव निधी (पुढचे दावे देण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम) कमी धरला, तर ती चूक पुढच्या मार्चमध्ये दिसत नाही. ती वीस-पंचवीस वर्षांनी, पॉलिसीधारकाच्या वारसाला पैसे द्यायच्या वेळी दिसते. अशा सहीमागे एकच मोजमाप असावं, वीस विद्यापीठांची वीस मोजमापं नसावीत, यात गैर काही नाही.

पण या तरतुदीचा एक परिणाम विद्यार्थ्यांवर अन्यायाचा झाला. नाव राखून ठेवणं ही एक गोष्ट आणि विद्यापीठात तोच भाग नीट शिकून आलेल्या मुलाला त्या पेपरातून सूट देणं ही दुसरी. कायद्याने पहिली गोष्ट बांधून टाकली. चर्चेत मात्र दोन्हींची सरमिसळ होत राहिली. ऑस्ट्रेलियात याच प्रश्नाचं उत्तर वेगळं दिलं गेलं. तिथे व्यावसायिक संस्थेने मान्य केलेल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ठरावीक दर्जाचे गुण मिळवले की पहिल्या टप्प्याच्या पेपरांतून सूट मिळते. म्हणून तिथे अ‍ॅक्च्युरिअल आणि सायन्स अशी जोडपदवी ही रुळलेली वाट आहे. दर्जा तपासायचा हक्क व्यवसायाने सोडलेला नाही, फक्त तीच परीक्षा पुन्हा द्यायला लावलेली नाही. आपल्याकडे हे करायला कोणतं तत्त्व आड येतं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. तोवर सूट मिळेल की नाही हे महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेवरून ठरवू नये. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा त्या वर्षीचा लेखी नियम पाहावा.

२०१२ पासून व्यावसायिक संस्थेची प्रवेश परीक्षा आली आणि ती बारावीनंतर देता येऊ लागली. त्यामुळे पदवी आणि पेपर एकाच वेळी चालवणं शक्य झालं. दोन पदव्या एकत्र घेण्याची मुभा यानंतर बरीच उशिरा मिळाली. उच्च शिक्षणाच्या केंद्रीय नियामकाने (यूजीसी) २०१६ मध्ये तिला नकार दिला होता आणि एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली : दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत, नाहीतर एक किंवा दोन्ही दूरस्थ वा ऑनलाइन. या निर्णयाचा गाजावाजा फार झाला. पण अ‍ॅक्च्युरिअलचे पेपर ही मुळात विद्यापीठाची पदवीच नव्हे. बी.एस्सी. करताना ते देण्यावर जुन्या नियमाचीही बंदी नव्हती. २०२२ ने सोय झाली ती सायन्सबरोबर अर्थशास्त्राची किंवा वाणिज्य शाखेची दुसरी पदवी हवी असणाऱ्यांची.

माझ्या मते खरा बदल व्यावसायिक परीक्षांच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाने केला. संख्याशास्त्राच्या सीएस१ आणि सीएस२ या पेपरांना संगणकावरचा ‘बी’ भाग जोडला गेला आणि त्यात ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आली. अ‍ॅक्च्युरिअल गणिताच्या सीएम१ आणि सीएम२ ला एक्सेल आलं. सीएस२ मध्ये मशीन लर्निंगची तोंडओळखही आली. याच पेपरातलं एक उदाहरण घ्या. पॉलिसीधारकांची यादी आहे : कोण कधी आला, कोण वारला, कोणी मध्येच पॉलिसी सोडली आणि कोण अभ्यास संपला तेव्हा जिवंत होता. शेवटच्या दोघांचा मृत्यू दिसलेला नाही, म्हणून त्यांना यादीतून काढून टाकलं तर मृत्युदर फुगतो. ते कधीच मरणार नाहीत असं धरलं तर तो घसरतो. कापलान-मायर पद्धतीत प्रत्येक मृत्यूच्या क्षणी किती जण निरीक्षणाखाली होते हे मोजून हा पेच सुटतो. जीवसंख्याशास्त्राचे विद्यार्थी कॅन्सरच्या रुग्णांसाठी हेच गणित करतात. सायन्सची बाजू सोडून नुसत्या अ‍ॅक्च्युरिअल नावाची पदवी निवडू नये असं मी म्हणतो ते यासाठी. पेपर अडकले तरी हे ज्ञान दुसरीकडे चालतं.

मागचा काळ थोडक्यात सांगायचा तर, विम्याच्या दरकोष्टकांना अ‍ॅक्च्युअरीचं प्रमाणपत्र लागेल ही अट १९१२ च्या कायद्याने आली. मुंबईच्या एका कंपनीच्या १९२५ ते १९३५ या वर्षांतल्या अनुभवावरून मृत्युदराचं कोष्टक तयार झालं आणि ते पुढे अनेक वर्षं वापरात राहिलं. आजच्या पिढीचं प्रमाण कोष्टक २०१२-१४ च्या आकड्यांवर उभं आहे.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत मेजर-मायनरची चार वर्षांची रचना २०२४-२५ पासून लागू झाली. व्यावसायिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, सत्र परीक्षाही दोनदा, आणि त्यांच्या तारखा जुळवण्याची जबाबदारी अजून कोणी घेतलेली नाही. ही पहिली तुकडी २०२७ मध्ये तिसरं वर्ष संपवेल. तीन वर्षांची पदवी घेऊन नोकरीत जायचं आणि तिथून पेपर द्यायचे, की ऑनर्सच्या चौथ्या वर्षासाठी थांबायचं, हे त्या मुलांना तेव्हा ठरवावं लागेल.