डिस्चार्ज बुकात युद्धपदकाची नोंद राहून गेली असेल तर
माजी सैनिक, त्यांच्या पत्नी व कुटुंबीय यांच्यासाठी आमच्या दुकानातर्फे माहिती

पदकांना नवी रिबन लावणे, ती क्रमाने बारवर, म्हणजे छातीवर लावायच्या पट्टीवर, चढवणे, मिनिएचर (पदकांच्या लहान प्रतिकृती) तयार करणे आणि घरात लावण्यासाठी फ्रेम बनवून देणे हे आमचे साताऱ्यातील मुख्य काम आहे. या कामासाठी येणारे ग्राहक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात. वडील किंवा आजोबा प्रत्यक्ष लढाईत होते, गावात सर्वांना ते ठाऊक आहे, मग त्यांच्या डिस्चार्ज बुकात लढाईच्या मेडलचा उल्लेख का नाही आणि तो आता करून घेता येईल का? २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधीच्या पंधरवड्यात हा प्रश्न दररोज येतो. काउंटरवर उभ्या उभ्या दिलेले अर्धे उत्तर घेऊन लोक अर्ज करतात आणि त्यातून काम सोपे होण्याऐवजी अडकते, म्हणून हे पत्रक छापले आहे. डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि माजी सैनिक ओळखपत्र म्हणजे काय हे आपणांस माहीत आहे असे धरून पुढे लिहीत आहोत.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक

नोंद काय आहे हे न पाहता पदक मागणे, ही ती चूक आहे. "मेडल मिळाले नाही" असे आपण म्हणतो तेव्हा त्यामागे तीन निरनिराळ्या परिस्थिती असू शकतात. काहींच्या बाबतीत रेकॉर्ड ऑफिसमधील (रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयातील) शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात, पदकाची नोंद व्यवस्थित असते, परंतु निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुक भरताना ती उतरवायची राहिलेली असते. काहींच्या दोन्ही कागदांवर नोंद असते, मात्र प्रत्यक्ष पदक हातात पडलेले नसते, कारण पदकांचा पुरवठा अनेक वर्षे मागणीच्या मागे राहिला आणि जवान नोंद घेऊन घरी आला. आणि काहींची नोंद कोठेच नसते. पहिल्या परिस्थितीत डिस्चार्ज बुकातील दुरुस्ती मागायची असते, दुसरीत पदकाचे वितरण मागायचे असते आणि तिसरीत मुळात पात्रता सिद्ध करून नोंद घेण्याची विनंती करायची असते. हे तिन्ही अर्ज वेगळे आहेत.

रेकॉर्ड ऑफिस अर्जात जे मागितले असेल त्याचेच उत्तर देते, आणि ते योग्यच आहे. ज्यांची नोंद कोठेच नाही त्यांनी "माझे पदक पाठवावे" असा अर्ज केला, तर अभिलेखानुसार आपण पदकास पात्र नाही असे दोन ओळींचे पत्र येते. ते पत्र मग फाइलला कायमचे लागते. पुढचा प्रत्येक अर्ज त्या पत्राच्या सावलीत वाचला जातो, आणि जे काम पहिल्या अर्जात पुरावे जोडून झाले असते त्यासाठी आता आधीचा नकार का चुकीचा आहे हे सांगत बसावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या अडलेल्या प्रकरणांपैकी बहुतेक अशा घाईने केलेल्या पहिल्या अर्जाचीच असतात.

नोंद राहते तरी कशी

पलटणीत पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतील घडामोडी नोंदवणारा लेखी आदेश, निघते, तिच्या आधारे शीट रोलमध्ये नोंद होते आणि निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. या साखळीतील एक कडी सुटली की पुढचे सर्व कागद कोरे राहतात. युद्धाच्या काळात जो जवान दुसऱ्या युनिटला अटॅच होता, जखमी होऊन मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल होता किंवा युद्ध संपताच ज्याची बदली झाली, त्याचे नाव मूळ पलटणीच्या यादीतून निसटण्याची शक्यता अधिक असते.

दुसरे कारण तारखांचे आहे आणि ते फार थोड्यांच्या लक्षात येते. १९६५ च्या युद्धासाठीची समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल ही दोन पदके युद्धानंतर, १९६७ मध्ये, सुरू झाली. युद्ध लढून १९६६ मध्येच जो जवान पेन्शनवर आला त्याच्या डिस्चार्ज बुकात ती नावे असणे शक्यच नव्हते. अशा कुटुंबांना "साहेबांनी आमच्यावर अन्याय केला" असे वाटत राहते. वास्तविक येथे कोणी हक्क नाकारलेला नसतो, तो नोंदवायचा राहिलेला असतो, आणि अर्जाची भाषाही त्याला धरूनच असावी.

कोणत्या सेवेसाठी कोणते पदक

युद्धपदक जवानाच्या पराक्रमाच्या कथेवर ठरत नाही. तो कोणत्या तारखेला कोणत्या युनिटच्या पटावर होता आणि ते युनिट कोठे होते, यावर ते ठरते. समर सेवा स्टारसाठी ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ या काळात ठरवून दिलेल्या युद्धक्षेत्रातील सेवा लागते, तर रक्षा मेडलसाठी ५ ऑगस्ट १९६५ रोजी पटावर असणे आणि तोपर्यंत १८० दिवसांची सेवा झालेली असणे आवश्यक आहे. त्यामुळे त्या वर्षी एप्रिलमध्ये भरती झालेल्या जवानाला रक्षा मेडल का नाही, याचे उत्तर नियमातच आहे, आणि अशा प्रकरणात अर्ज करू नका असे आम्ही स्पष्ट सांगतो.

१९७१ च्या युद्धासाठी पूर्व आघाडीवरील सेवेला पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवरील सेवेला पश्चिमी स्टार आणि त्याहून व्यापक स्वरूपाचे संग्राम मेडल आहे. येथे रेजिमेंटच्या नावावर विसंबू नये. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या युद्धसन्मानांत जमालपूरही आहे आणि बुर्जही आहे. पहिले पूर्वेला, दुसरे पंजाबात. एकाच गावचे, एकाच रेजिमेंटचे दोन शेजारी दोन वेगळ्या पलटणींत असले तर एकाला पूर्वी स्टार आणि दुसऱ्याला पश्चिमी स्टार असू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या पदकावरून आपले पदक ठरवू नये.

सर्वाधिक गोंधळ होतो तो ऑपरेशन विजय या नावाने. डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीची कारवाई ऑपरेशन विजय होती आणि १९९९ मधील कारगिलची कारवाईही ऑपरेशन विजयच होती. परंतु ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल ही दोन्ही पदके कारगिलच्या वेळची आहेत. गोव्यात उतरलेल्या जवानासाठी जनरल सर्व्हिस मेडल १९४७ असून त्याच्या रिबनवर 'गोवा १९६१' हा क्लास्प, म्हणजे धातूची नाव कोरलेली पट्टी, असते. आजोबा गोव्याच्या कारवाईत होते म्हणून ऑप विजय मेडलची मागणी केली तर नकारच येणार. तसेच एखाद्याच्या पुस्तकात जनरल सर्व्हिस मेडल नोंदलेले असते पण फक्त दुसऱ्या मोहिमेच्या क्लास्पसह. तेव्हा मागणी पदकाची नव्हे, राहिलेल्या क्लास्पची करावी. ऑप पराक्रम मेडल आणि पराक्रम पदक यांतही अशीच गल्लत होते. पहिले २००१-०२ च्या सीमेवरील जमवाजमवीसाठी आहे, दुसरे युद्धात जखमी झालेल्यांसाठी आहे.

एक उदाहरण देतो. कोरेगाव तालुक्यातील एका निवृत्त नाईकांच्या डिस्चार्ज बुकात रक्षा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे मेडल अशी चार नावे होती. सेवेच्या तपशिलात १९७१ मधील पलटण स्पष्ट लिहिलेली होती आणि ती पलटण पूर्व आघाडीवर होती. त्यांच्या मुलाने घरी लिहून आणलेल्या मसुद्यात "वडिलांनी देशासाठी रक्त सांडले असून त्यांना युद्धाचे सर्व मेडल मिळावे" असे होते. आम्ही त्याऐवजी असे लिहिले: "मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पलटणीच्या अमुक कंपनीत सेवेत होतो. माझ्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टारची नोंद नाही. कृपया शीट रोल व पार्ट टू ऑर्डरवरून पडताळणी करावी, नोंद असल्यास डिस्चार्ज बुकात उतरवावी आणि नसल्यास माझी पात्रता तपासून ती घ्यावी." मुलाच्या भावना खऱ्याच होत्या. परंतु टेबलावर बसलेल्या कारकुनाला कपाटातील नेमका कोणता कागद काढायचा हे दुसऱ्या मसुद्यातूनच कळते.

अर्ज कोठे जातो

ज्या रेजिमेंटमधून किंवा कोअरमधून निवृत्ती झाली तिच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आणि तोफखान्याचे नाशिक रोडला आहे. नौसैनिकांची कागदपत्रे मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील कार्यालयात असतात आणि वायुसैनिकांची दिल्लीच्या सुब्रतो पार्कमध्ये. पेन्शननंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी सेवा केलेल्यांनी मात्र विशेष लक्ष द्यावे. डीएससीचे रेकॉर्ड ऑफिस कन्नूरला आहे, पण पहिल्या सेवेतील युद्धपदकांचा कागद मूळ रेजिमेंटकडेच असतो. शेवटचे डिस्चार्ज बुक डीएससीचे म्हणून लोक कन्नूरला पत्र पाठवतात आणि वाट पाहत बसतात.

त्याचप्रमाणे जे नायब सुभेदार किंवा त्यावरील हुद्द्यापर्यंत गेले त्यांना जेसी (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा) क्रमांक मिळतो. युद्धाच्या वेळी ते शिपाई किंवा नाईक असतील तर त्या काळातील पार्ट टू ऑर्डर जुन्या क्रमांकावर निघालेली असते. अर्जात दोन्ही क्रमांक द्यावेत. नावाचेही तसेच आहे: शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर काहीही असले तरी अर्जात आर्मी क्रमांकापुढे डिस्चार्ज बुकातीलच स्पेलिंग लिहावे आणि फरक असल्यास तो स्वतंत्र वाक्यात नमूद करावा.

पंतप्रधान कार्यालय, संरक्षण मंत्रालय, जिल्हाधिकारी आणि खासदार यांना एकाच दिवशी अर्ज पाठवल्याने काम लवकर होते हा समज चुकीचा आहे. ती सर्व पत्रे खाली येत येत त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या त्याच टेबलावर पोहोचतात. एक नेमका अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा, त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्यावी आणि पोचपावती जपून ठेवावी. नोंद काय आहे हेच माहीत नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून शीट रोलची प्रत मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते. मात्र माहिती अधिकारातून नोंद दिसते, दुरुस्त होत नाही. दुरुस्तीचा अर्ज त्यानंतर वेगळाच करावा लागतो. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांची सेवेची कागदपत्रे सर्वसाधारणपणे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात आणि त्यांची मोजकी माहिती लाँग रोलमध्ये, म्हणजे कायम जपल्या जाणाऱ्या नोंदवहीत, उरते. अशा कुटुंबांनी घरातील प्रत्येक जुना कागद, रजेचा पास किंवा हॉस्पिटलची चिठ्ठीसुद्धा, टाकून न देता आणून दाखवावी.

मूळ डिस्चार्ज बुक अर्जासोबत कधीही पाठवू नये. नोंद मंजूर होऊन कार्यालयाने ते लेखी मागवल्यावरच पाठवावे आणि त्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवावी. पुस्तक लॅमिनेट करू नये, कारण लॅमिनेट केलेल्या पानावर नवी नोंद आणि शिक्का घेता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणी ओळखीचा कारकून किंवा एजंट पुस्तकात पेनने पदकाचे नाव लिहून देतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नये. एका खोट्या ओळीमुळे पुस्तकातील खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

आमच्या कामाविषयी

नोंद नसलेली रिबन आम्ही बारवर चढवत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. पैसे देऊनही आम्ही नकार देतो तेव्हा तो उद्धटपणा वाटू शकतो. परंतु छातीवरील पदक हे परेडला, ध्वजदिनाच्या कार्यक्रमाला आलेला कोणताही माजी सैनिक वाचू शकतो, आणि कागदाशी न जुळणारी एक रिबन म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत खाली मान घालायला लावते. सरकारी पदकावर जवानाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. भिंगाखाली ते आम्ही आपल्यासमोर वाचून दाखवतो. कोरे पदक आले तर ते बाजारातील प्रतिकृती असल्याचे सांगतो आणि फ्रेममागे तसे लिहितो.

नोंद दुरुस्तीसाठी सरकारी कार्यालय शुल्क घेत नाही आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील मार्गदर्शनही विनामूल्य आहे. आमचे शुल्क पुस्तक वाचून तारखांचा तक्ता करणे, मसुदा लिहिणे आणि टाइप करून देणे एवढ्याचेच आहे, आणि पदक मिळवून देण्याची हमी आम्ही देत नाही. पात्रता दिसत नसेल तर शुल्क न घेता तसे सांगतो. युद्धपदकाच्या नोंदीमुळे पेन्शन वाढत नाही हेही आधीच सांगून ठेवतो. शौर्यपुरस्काराचा भत्ता किंवा युद्धातील जखमेची पेन्शन हे वेगळे विषय आहेत आणि त्यांचे अर्जही वेगळे असतात. ज्यांची नोंद आमच्या मसुद्यावरून मंजूर होते त्यांच्या नव्या रिबन बारची मजुरी आम्ही घेत नाही.

येताना डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांची झेरॉक्स आणावी. फक्त पदकांचे पान आणू नये, कारण पात्रता सेवेच्या तपशिलाच्या पानांवरून ठरते. सोबत पीपीओची प्रत, घरात असलेली सर्व पदके आणि रेकॉर्ड ऑफिसकडून पूर्वी आलेली सर्व पत्रे आणावीत, नकाराची सुद्धा. जवान हयात नसल्यास मृत्यू दाखला आणि पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद लागतील. वयोवृद्ध माजी सैनिकांना जिने चढवून आणण्याची गरज नाही; पलटण, कंपनी आणि युद्धाच्या वेळचे ठिकाण त्यांना आठवते तसे घरीच कागदावर लिहून आणले तरी चालेल.