बांगडा, माला-एन आणि टीबीची गोळी

टीबीचे उपचार सुरू झाले की पहिल्याच दिवशी लघवी केशरी होते. घामाला, अश्रूंनाही तोच रंग चढतो. गोवंडी असो की गिरगाव, ज्या घरात ही औषधं नव्याने आली तिथे यानेच पहिली घबराट उडते. पण यात घाबरण्यासारखं काही नाही. रिफाम्पिसिन हे औषध मुळातच विटकरी लाल असतं, शरीराबाहेर पडताना ते आपला रंग घेऊन जातं. डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना गेली, सारखं मळमळू लागलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. ती यकृताला सूज आल्याची लक्षणं असू शकतात.

रंग दिसतो म्हणून त्याबद्दल सगळे विचारतात. हेच औषध यकृतात आणखी एक मोठी उलथापालथ करतं. ती दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. विचारायला हवं, असं मला फार वाटतं.

स्निग्ध पदार्थ सोडले तर आतड्यातून शोषलेलं जवळपास सगळं एकाच शिरेतून आधी यकृतात येतं. भातातली साखर येते, डाळीतली अमिनो आम्लं येतात, गोळीतलं औषधही येतं. औषधांसाठी यकृताने वेगळी सोय केलेली नाही. वनस्पतींमधली विषारी द्रव्यं आणि शरीराचीच वापरून झालेली संप्रेरकं निकालात काढणारी जी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, लाखो वर्षांपासून आपल्याकडे आहेत, तीच औषधांवरही काम करतात. त्यांतलं सर्वांत कामसू विकर म्हणजे सीवायपी-३ए-४. आज वापरात असलेल्या औषधांपैकी साधारण निम्म्यांवर ते काम करतं. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकंही तेच मोडतं. ते रेणूला ऑक्सिजन जोडतं, मग दुसरी विकरं त्याला आणखी एखादा पाण्यात विरघळणारा तुकडा जोडतात, आणि मूत्रपिंड किंवा पित्तावाटे रेणू बाहेर जातो.

रिफाम्पिसिन यकृताच्या पेशीतल्या पीएक्सआर नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. परकी रसायनं आल्याची वर्दी देणं हे या प्रथिनाचं काम. वर्दी मिळाली की पेशी सीवायपी-३ए-४ भराभर बनवू लागते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत त्याचं प्रमाण कितीतरी वाढतं. रिफाम्पिसिनमुळे वाढलेलं विकर मग समोर येईल ते मोडत सुटतं. माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन संप्रेरकं असतात. ती रक्तात टिकेनाशी होतात. गोळी रोज वेळेवर घेऊनही दिवस राहू शकतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या डॉक्टरांच्या हे लक्षात आलं, कारण गर्भनिरोधक गोळीसोबत टीबीचे उपचार घेणाऱ्या बायकांना दोन पाळ्यांच्या मध्येच रक्तस्राव होऊ लागला होता. तांबीत संप्रेरक नसतं, म्हणून तिच्यावर याचा काही परिणाम होत नाही. उपचार सुरू होतानाच हा पर्याय प्रत्येक बाईला समजावून सांगायला हवा. तिने विचारण्याची वाट पाहू नये.

मधुमेहाच्या काही गोळ्या, थायरॉइडची गोळी, स्टेरॉइड, रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचाही जोर असाच ओसरतो. टीबीच्या काळात साखर अचानक वाढली तर दोष दर वेळी पथ्य न पाळण्याचाच असतो असं नाही.

उपचारातलं दुसरं औषध आयसोनियाझिड. ते १९५२ सालापासून वापरात आहे. यकृतातलं नॅट-२ हे विकर त्याला एक ॲसिटिल गट जोडून निष्प्रभ करतं. हे विकर किती जलद चालेल ते आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. काहींच्या रक्तातलं औषध तासा-दीड तासात निम्मं होतं, तर काहींना त्यासाठी तीनेक तास लागतात. भारतात निम्म्याहून जास्त लोक या दुसऱ्या, मंद गटातले. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९६०च्या दशकात याचा कसून अभ्यास केला. मंद गटातल्यांच्या शरीरात औषध जास्त वेळ राहतं आणि ब-६ जीवनसत्त्वाला निकामी करत राहतं. मग तळपायांना मुंग्या येतात, आग होते. टीबीच्या गोळ्यांबरोबर पायरिडॉक्सिनची, म्हणजे याच ब-६ जीवनसत्त्वाची, छोटी गोळी देतात ती यासाठीच. पुष्कळ जण तिला ताकदीची गोळी समजून टाळतात. टाळू नये.

मुंबईकरांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र ताटातली आहे. बांगडा, सुरमई आणि कुपा हे मासे एकाच कुळातले. त्यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन कितीही शिजवलं, तळलं तरी जात नाही. एरवी थोडंफार हिस्टामिन आपल्या आतड्यातलं एक विकर मोडून टाकतं. आयसोनियाझिड नेमकं त्याच विकराला अडवतं. मग जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगावर गांधी उठतात. घरच्यांना वाटतं, औषधच सोसत नाही, आणि गोळ्या बंद होतात. टीबीत औषध अर्धवट सोडणं किती घातक असतं, ते या शहराने औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या रूपाने भोगलं आहे. तेव्हा बंद करायचा तो बांगडा, तोही उपचार संपेपर्यंतच. पापलेट या कुळातला नाही. अंडी, डाळी, उसळी तर खायलाच हव्यात, कारण या आजारात प्रथिनांची गरज मोठी असते.

उपचार संपल्यावरही यकृत लगेच पूर्वपदावर येत नाही. वाढलेलं विकर ओसरायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून गर्भनिरोधक गोळीवर विसंबण्याआधी शेवटच्या डोसनंतर आणखी चार आठवडे दुसरी काळजी घ्यायला सांगतात. आणि रिफाम्पिसिन चालू असताना वॉरफरिनचा डोस वाढवला असेल, तर तो याच दिवसांत रक्ततपासणी करून पुन्हा कमी करावा लागतो. तो तसाच चालू राहिला तर रक्तस्राव होऊ शकतो.